रिकाम्या पलंगाचे ठोके

प्रयोगशाळेच्या संचालकांना हृदयाचं चुंबकत्व टिपणाऱ्या यंत्रापेक्षा स्वतःच्या आवाजाचा भरवसा जास्त. "हृदय एकदम घड्याळासारखं चाललंय. मिनिटाला बहात्तर, एकही ठोका इकडचा तिकडे नाही," त्यांनी पडद्याकडे बोट दाखवत जाहीर केलं आणि डॉक्टरांकडे जाणाऱ्या कागदावर 'निर्दोष' लिहायला पेन उघडलं.

पलंगावर तंत्रज्ञ बाईंची धाकटी बहीण होती. मधूनच ठोका चुकतो, असं ती वर्षभर सांगत होती आणि घरदार त्याला मनाचे खेळ म्हणत होतं. आता त्यावर शिक्काच बसणार होता. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

छातीवर टांगलेले चुंबकीय सेन्सर गोठवून ठेवायला अगदी शेजारी एक छोटा कूलर जोडला होता. त्याचा दट्ट्याही मिनिटाला बहात्तर वेळाच हलायचा आणि त्याचं चुंबकत्व हृदयापेक्षा कितीतरी मोठं. कूलर लांब न्या, असं तिने तीनदा लेखी दिलं होतं. पण या महाशयांना यंत्र फोटोत सुटसुटीत दिसायला हवं होतं. अकलेचा एवढा दुष्काळ तिने दुसरीकडे पाहिला नव्हता.

"ऊठ गं. जरा पाणी पिऊन ये," ती बहिणीला म्हणाली.

बहीण गेली. पडद्यावर बहात्तर ठोके सुखाने चालूच होते.

संचालकांनी घसा खाकरला. "गादीत थोडा परिणाम राहिला असेल."

"मग कागदावर गादीचं नाव घालू का, सर?"

पेनाला टोपण लागलं. बहीण परत येऊन आडवी झाली. कूलर बंद केला तरी सेन्सर दोन-चार मिनिटं थंड राहतात. थोरलीने बटण दाबलं. मोठी लाट बसली आणि खालून बारीकशी रेघ वर आली. तीन ठोके, मग मोकळी जागा, मग घाईघाईने एक.

बहिणीने मान वळवून पाहिलं. "हेच," ती म्हणाली. "हेच सांगत होते मी." घाबरायचं सोडून तिला हायसंच वाटलं होतं.

संचालक गुपचूप बाहेर सटकले. त्यांना हसायची हीच वेळ होती, पण थोरलीला हसू येईना. मनाचे खेळ हे शब्द घरात सगळ्यांत आधी तिनेच काढले होते, तेही जाणकार म्हणून.