सव्वीस नंबरची बंडी

प्रभाकररावांची छाती दोन महिने फुगलेलीच होती. सिंदीच्या कापूस बाजारातल्या या अडत्याची मुलगी रक्षा इंजिनियर झाली होती, आणि २००२च्या हंगामासाठी तिने बाजाराला सी भाषेत प्रोग्राम लिहून दिला होता. फाटकावर कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की तिचा नंबर तारेतून आवारातल्या फलकावर जाई आणि त्याच क्रमाने लिलाव होई. अडतीवर चहाला बसलेल्याची हे ऐकल्याशिवाय सुटका नसे.

आणि ऐन गर्दीच्या सोमवारी सव्वीस नंबर गायब झाला. पंचविसानंतर थेट सत्तावीस पुकारला गेला. सव्वीस नंबरवाले आंजी गावचे नत्थूजी सकाळपासून रांगेत, पण त्यांच्या कापसाकडे कोणी बघेना. ते भडकले, आणि का भडकू नये?

"दुपारपर्यंत दुरुस्त करा," बाजार समितीचे सचिव सदाशिवराव यांनी रक्षाला बजावलं. "नाई तर प्रोग्राम बंद. उद्यापासून जुन्या चिठ्ठ्या." ते तरातरा निघून गेले.

"वायर उंदरानं कुरतडली असन," प्रभाकरराव चारचौघांत म्हणाले. बापाला दुसरं काय सुचणार!

रक्षाने स्क्रीनवरून मान वर केली. "बाबा, वायर चांगली आहे. चूक माही आहे."

प्रभाकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रांग अडू नये म्हणून मीच प्रोग्रामले सांगतलं, नंबर जायची वाट पाहत थांबू नको," ती नत्थूजींना म्हणाली. "मंग तारेची लाइन भरली की कॉम्प्युटर सांगते, आत्ता जागा नाई, पुन्हा पाठव. मी ते तपासलंच नाई. नंबर गेला समजून पुसून टाकला. काका, माफ करा."

आणि ती कामाला बसली. न गेलेला नंबर जपून ठेवायचा, जागा झाली की पाठवायचा. अर्धाच गेला तर उरलेला तिथून पुढे. तार खरंच तुटली, तरच बोंब मारायची. एवढं लिहून तिने फलकाचा कॉम्प्युटर मुद्दाम अडवून धरला आणि फाटकावरून चाचणीचे चाळीस नंबर सोडले. फलक कोराच राहिला. तिने अडवणूक काढली, तसे चाळीसही ओळीने उमटले.

नत्थूजींचा लिलाव चालू असताना सदाशिवराव परतले. त्यांनी प्रभाकररावांना विचारलं, "काय निघालं? वायर कुरतडली होती म्हणे?"

नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाई साहेब, माह्या पोरीची चूक होती," प्रभाकरराव म्हणाले, आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल इतका आवाज चढवला. "तिनंच सांगतली, अन् तिनंच काढली!"