बिनचूकबाईंच्या तीनशे अकरा चुका

आमच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोरच दिसेल अशा जागी एक प्रशस्तिपत्रक टांगलेलं आहे. लग्नाचा फोटो आतल्या खोलीत आणि हे बाहेर, यावरून आमचे हे मला पंचवीस वर्षं टोमणे मारत आलेत. मी म्हणते, "लग्न काय, कुणाचंही होतं."

पत्रकावर लिहिलंय : 'शतक बदलताना पाणीपुरवठा खात्याच्या सर्व नोंदी बिनचूक राखल्याबद्दल.' खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. त्या दिवसापासून खात्यात मला बिनचूकबाई म्हणू लागले. काही जण चिडवायला म्हणत, पण मी ते कौतुक समजूनच घेतलं. आपण कशाला कमी लेखून घ्यायचं?

काम साधं होतं आणि डोंगराएवढं होतं. गावातल्या जमिनीखालच्या प्रत्येक पाइपलाइनची नोंद जाडजूड रजिस्टरांत होती. कुठल्या रस्त्याखाली, किती इंचाची, कधी टाकली. १९९७ साली खात्यात कॉम्प्युटर आला आणि या सगळ्या नोंदी त्यात चढवायचं काम माझ्याकडे आलं. एकूण सहा हजार चारशे ओळी. डाव्या हाताचं बोट रजिस्टरवर, उजवा हात आकड्यांच्या बटणांवर, अशी मी सात महिने बसले. तेव्हाचे साहेब म्हणाले, "बाई, वर्षाचे दोनच आकडे टाका. १९२४ असेल तर नुसतं २४. मशीन समजून घेतं." मी तसंच केलं. दर ओळीला दोन आकडे टाकायचे वाचले. माझा वेग बघायला शेजारच्या खात्यातली माणसं यायची, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

रजिस्टराचे दोन नियम होते. पहिला, खाडाखोड करायची नाही. चुकलं तर चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही ठोकायची. दुसरा, प्रत्येक नोंदीपुढे दोन सह्या, एक 'नोंद करणार' आणि एक 'तपासणार'. पहिला नियम मी घरीही लावला. लेकीच्या कंपासपेटीतून मी खोडरबर काढून घेतलं होतं. तिच्या वर्गशिक्षिका मला बोलावून म्हणाल्या, "वहीत नुसत्या रेघा आणि सह्या दिसतात हो!" दुसरा नियम मात्र कॉम्प्युटर आला तसा सुटला. माझ्या सहा हजार चारशे ओळी कुणीच तपासल्या नाहीत. बिनचूकबाईंचं काय तपासायचं?

मग शतक उलटलं. कॉम्प्युटर बावचळणार, तारखा उलट्यापालट्या होणार अशी वर्षभर नुसती आवई होती. जानेवारीतल्या कामाच्या पहिल्या सकाळी अख्खं खातं माझ्या खुर्चीमागे श्वास रोखून उभं. मी मशीन सुरू केलं. सगळ्या ओळी जिथल्या तिथे. २२, २३, २४, एकही आकडा हललेला नाही. टाळ्या वाजल्या. आठवड्याभरात प्रशस्तिपत्रक आलं.

पुढे मी निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी लेक इंजिनिअर होऊन त्याच खात्यात लागली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिच्या तोंडावर म्हणते आणि तिच्या माघारी चारचौघांत तिचंच गुणगान गाते.

गेल्या वर्षी टेकडीवरच्या हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता नव्यानं पक्का करायचं ठरलं. असा रस्ता करण्याआधी त्याच्याखालच्या साठ वर्षांवरच्या लाइनी बदलून घेतात, नाहीतर नवाकोरा रस्ता फोडायची वेळ येते. लेकीनं कॉम्प्युटरवरून यादी काढली. हॉस्पिटलची लाइन यादीत नव्हती. व्हॉल्व्ह उघडबंद करणारे एक जुने गृहस्थ आहेत, हातात कायम ती लांब चावी, म्हणून त्यांना सगळे चावीभाऊच म्हणतात. ते म्हणाले, "ताई, ती लाइन माझ्या आजोबांनी टाकलीय. यादीत कशी नाही?"

लेकीनं पाहिलं तर लाइनीचं वर्ष २०२४. म्हणजे जेमतेम वर्षाची.

दुसरी असती तर चावीभाऊंना चहा पाजून वाटेला लावलं असतं. हिनं रस्त्याच्या कडेला खड्डा घ्यायला लावला, स्वतः आत उतरली आणि पाइपावरची माती हातानं पुसली. बिडाच्या पाइपाच्या कडेवर ओतलेले आकडे होते : १९२४. चावीभाऊंनी नखानं टोकरलं तर गंजाचे पापुद्रे निघाले.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि जेवलीच नाही. बाहेरच्या खोलीत बसून प्रशस्तिपत्रकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तू वर्ष कसं टाकायचीस? दोन आकडी?"

"दोनच. साहेबांनी सांगितलं होतं."

तिनं समजावून सांगितलं. दोन आकडे दिले की शतक कुठलं ते मशीन स्वतःच ठरवतं. तीस ते नव्याण्णव असेल तर एकोणीसशे धरतं, आणि शून्य ते एकोणतीस असेल तर दोन हजार. मी २४ टाकलं त्याच क्षणी मशीननं आत २०२४ लिहून घेतलं होतं. पडद्यावर दोनच आकडे दिसत, म्हणून कुणाला कळलं नाही. आम्ही लाइनी रस्त्याच्या नावानं शोधायचो, वर्षाप्रमाणे यादी कधी लावलीच नाही. दोन वर्षांपूर्वी नवा प्रोग्राम आला, तेव्हा पहिल्यांदा चार आकडे दिसू लागले. १९२८ च्या लाइनींपुढे २०२८ आलं, तर त्या प्रोग्रामनं त्यांना 'प्रस्तावित' म्हणून बाजूला टाकलं.

"म्हणजे आई, अजून टाकल्याच नाहीत अशा लाइनींतून आपण रोज पाणी पितोय," ती म्हणाली. हसली नाही.

मी मनात हिशेब मांडत होते. म्हणजे त्या जानेवारीत सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा त्या तारखा अडीच वर्षं आधीपासूनच चुकलेल्या होत्या. "किती आहेत?" मी विचारलं.

"तीनशे अकरा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तिला नाही नाही ते बोलले. म्हटलं, काल आलेली पोरं आईच्या चुका काढायला लागली, नवा प्रोग्राम ज्या बाईनं बसवला तिला विचार जा, तिनंच घोळ घातला असेल. लेक शांतपणे म्हणाली, "साहेबपण तेच म्हणतायत. तिच्याकडून चूक लिहून घ्या आणि कंत्राट रद्द करा. सोमवारी मीटिंग आहे."

खरं सांगते, मला बरं वाटलं. ती बाई मी पाहिली होती. एकटीच, घरातून काम करणारी, कायम घाईत. तिचं नाव गेलं तर माझं राहत होतं. दोन दिवस मी लेकीशी बोलले नाही आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, दे तिच्या माथी, काय बिघडतं? खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आमचे हे नुसते पेपराआडून बघत होते.

सोमवारी सकाळी लेक गेली आणि माझं मन थाऱ्यावर राहीना. मी प्रशस्तिपत्रक भिंतीवरून काढलं, पिशवीत घातलं आणि ऑफिसला गेले. कशाला, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, 'लढायला.' शिक्क्यासह पुरावा होता माझ्याकडे.

मीटिंगच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. टेबलाच्या टोकाला साहेब. कोपऱ्यात ती प्रोग्रामवाली, मांडीवर पर्स घट्ट धरून, कान लालबुंद. चावीभाऊ भिंतीला टेकून. आणि माझी लेक उभी होती.

"प्रोग्राम बसवताना यांना जे मिळालं ते यांनी तसंच उचलून ठेवलं," ती सांगत होती. "चूक आधीची आहे. १९९७ ची. आपल्याच खात्यातली."

साहेब म्हणाले, "तेव्हाच्या नोंदी म्हणजे... तुमच्या आईंनी केल्यात ना?"

"हो."

"मग बघा बुवा. इतक्या वर्षांचं त्यांचं नाव आहे इथे. त्यांना वाईट वाटेल."

"वाटेल," लेक म्हणाली. "पण चूक खोडायची नाही, तिच्यावर रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची, हे मला तिनंच शिकवलंय. आता दुसऱ्याच्या वहीत रेघ मारून मी घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

दाराबाहेर मला माझी लाजही वाटत होती आणि तिचा अभिमानही. दोन्ही एकदमच. इतकी वर्षं मी भिंतीवरच्या त्या कागदाला माझी कमाई समजत होते. माझी कमाई तर तिथे टेबलापाशी उभी होती.

मी दार ढकलून आत गेले. लेकीला वाटलं, आई आता भांडणार. मलाही घरून निघताना तसंच वाटलं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "दोन आकडे टाका असं तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं होतं. पण बोटं माझी होती. या बाईंना कशाला धरता? रजिस्टरं काढून द्या, मी पुन्हा बसते."

प्रोग्रामवालीनं पर्स टेबलावर ठेवली आणि रुमाल शोधू लागली. साहेब काहीतरी पुटपुटले. चावीभाऊंनी मात्र चावीचं टोक फरशीवर आपटलं आणि म्हणाले, "बिनचूकबाई, या बसा."

मग चार दिवस आम्ही मायलेकी रेकॉर्ड रूममध्ये बसलो. लेक रजिस्टर वाचायची, मी टाईप करायचे. आता चार आकडे. बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत. लेक मुद्दाम म्हणायची, "अगं, काय हा वेग! शेजारच्या खात्यातून बघायला येतील." मी म्हणायचे, "गप्प वाच." प्रत्येक ओळ झाली की ती उठून पडद्यावर बघायची, मग बोट रजिस्टरवर, पुन्हा पडद्यावर. एकदा मी १९२६ च्या जागी १९६२ टाकलं. तिनं पकडलं. मी जीभ चावली.

हॉस्पिटलची लाइन रस्ता होण्याआधी बदलली. जुन्या पाइपाचा एक तुकडा चावीभाऊंनी लेकीला आणून दिला. एके ठिकाणी तो पुठ्ठ्याइतका पातळ झालाय. तो तुकडा आता तिच्या टेबलावर कागद दाबायला आहे.

शेवटची ओळ झाली त्या संध्याकाळी घरी येऊन मी प्रशस्तिपत्रकाची फ्रेम मागून उघडली. कागद टेबलावर सपाट केला. आमचे हे म्हणाले, "फाडतेस की काय?"

"फाडू कशाला? माझा आहे."

मी पट्टी घेतली आणि 'बिनचूक' या शब्दावर एक रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं : 'तीनशे अकरा चुका. दुरुस्त केल्या.' खाली सही केली आणि तारीख टाकली, वर्ष चार आकडी. मग कागद लेकीपुढे सरकवला आणि पेन तिच्या हातात दिलं.

"मी कुठे सही करू?" ती म्हणाली.

मी माझ्या सहीशेजारची जागा दाखवली. तिनं आधी सगळं वाचलं, तारीखसुद्धा. मग लिहिलं, 'तपासणार', आणि खाली तिची सही.