वाऱ्याची दिशा

हेमांगी, माझी मुलगी, एरंडोलला सासरी कोणत्या गाडीतून जाणार, एवढाच प्रश्न होता. एक गाडी माझी: १९६४ ची फियाट अकराशे, दोन कार्ब्युरेटर बसवलेली. दुसरी माझ्या धाकट्या भावाची, धुळ्याच्या हितेंद्रची: २००२ ची फियाट पालिओ जीटीएक्स. दोन्ही मूळच्या इटालियन आणि आपापल्या काळात वेगासाठी नावाजलेल्या. मध्ये अडतीस वर्षे.

आमच्याकडे पाठवणीनंतर बाप मांडवातच थांबतो. मुलीला पोहोचवायला चुलता, मामा जातात. गाडी चालवणाऱ्याला मात्र कोणी नाते विचारत नाही.

हितेंद्रचा हक्क तसाही पक्का होता. त्यात त्याची गाडी मंडळींना आवडे. शंभर अश्वशक्ती. माझ्या गाडीकडे पाहून लोक आजोबांच्या आठवणी सांगत. त्याच्या गाडीत बसायला मागत. तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे बोचावे, याचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही.

म्हणून मी चाचणी सुचवली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला सरळ, सपाट रस्ता. ताशी साठच्या वेगात गाडी न्यूट्रल करायची आणि ती किती मीटर घरंगळते ते मोजायचे. प्रवेगाची शर्यत मी सुचवली नाही. तिचा निकाल मला माहीत होता. पूर्वेकडे जाताना माझी गाडी, परतताना त्याची, म्हणजे पेट्रोल वाचेल, असेही मीच म्हटले. हितेंद्र हसला आणि अहिराणीत म्हणाला, "मनी गाडीमा एसी शे, भाऊ. तेबी मोजा."

माझी गाडी आठशे चाळीस मीटर गेली, त्याची सातशे साठ. हितेंद्रने खांदे उडवले. आकडे टिपायला आलेल्या हेमांगीने माझ्याकडेच भौतिकशास्त्र शिकले आहे. ती रस्त्याकडेच्या बाभळीकडे पाहत होती. मे महिना, पश्चिमेचा वारा. फांद्या सगळ्या पूर्वेला झुकलेल्या.

"आबा, आता दिशा बदलून घ्या," ती म्हणाली.

माझी सहाशे दहा. त्याची एक हजार वीस.

तिने सरासरी काढली, वही मिटली आणि विचारले, "वारा माहीत होता ना?"

"होता."

"मला सोडायला यायचंय, एवढं नुसतं सांगितलं असतं, तर वारा लागला नसता."

हितेंद्र पुढे आला आणि पालिओची किल्ली त्याने माझ्या हातात ठेवली. "निकाल निकाल शे. गाडी मनीच जाई. पन चलाडा तुम्ही."

लग्नाच्या दिवशी एरंडोलपर्यंत त्याची गाडी मी चालवली. हेमांगी मागे बसली होती, डोळे पुसत. स्टिअरिंग हलके होते, ब्रेक अचूक, चौथ्या गिअरमध्येही ओढ शिल्लक होती. ती माझ्या गाडीपेक्षा सरस होती. तिथे पोहोचेपर्यंत ते कोणी विचारले नाही, आणि मी सांगितलेही नाही.