कोऱ्या कागदाची तारीख

घरमालकाचा मेहता भाडं न्यायला आला, पावती फाडली, पण नेहमीसारखा चालता झाला नाही. उंबऱ्यात उभा राहून त्यानं भिंती न्याहाळल्या. पोटमाळा बघितला, मोरी बघितली.

"जाईबाई, गावाला कधी निघताय?"

"गावाला? ह्यांना कूस बदलता येत नाही, नि गावाला कुठं नेऊ?"

"तुमचा सीताराम म्हणत होता, मामा खोली सोडतायत. राजीनाम्याचा कागद तयार आहे म्हणे. पुढची पावती त्याच्या नावावर करून मागतोय." जाईबाईचा चेहरा बघून मेहता ओशाळला. "मला वाटलं, तुम्हांला ठाऊक असेल."

तो गेला तरी जाईबाई दारातच उभी होती. चिंचपोकळीच्या या चाळीत तिची तीस वर्षं गेली होती. नवरा दत्ताराम गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि तो खाटेला खिळला. पोटी मूल नव्हतं. गावाकडचे आठ गडी दोन वेळा तिच्याकडे जेवायचे, त्यावर घर चालत होतं. खोली गेली की चूल गेली, आणि चूल गेली की ती आणि हा लुळा माणूस रस्त्यावर.

तिनं खाटेशी येऊन विचारलं, तशी दत्तारामनं मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाला, "तिसरा कागद."

चाळीतल्या पुष्कळ गिरणीवाल्यांची ती रीत होती. लावणीसाठी गावाला जायचं म्हणजे दिवस वाढणारच. मग लिहिता येणाऱ्या एखाद्या आपल्या माणसाकडे कोऱ्या कागदांवर खाली डावा अंगठा उठवून ठेवायचा. रजा संपत आली की त्यानं वरती अर्ज लिहून खात्यात द्यायचा. दोन वर्षांमागे दत्तारामनं तसे तीन कागद बहिणीच्या मुलाकडे, सीतारामकडे ठेवले होते. दोन खर्ची पडले. तिसरा राहिला.

"मग परत का नाही मागितलात?"

"मागितला. उंदरांनी खाल्ला म्हणाला."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"भाचा तो, गो! भाच्याच्या पाया पडायचं आपल्यात. त्याला चोर कसा म्हणू?"

"पडा पाया," जाईबाई म्हणाली. "आता तो छातीवर बसलाय."

सीताराम दोन दिवसांनी आला, चार मोसंबी घेऊन. हल्ली तो वरचेवर येई. बोलणं लोण्यासारखं, आवाज कधी चढायचा नाही. मामाच्या पायांशी बसून त्यानं हळूहळू पाय चेपले.

"मामी, काळजी करू नका. पुढचं सगळं मी बघणार."

"पुढचं काय?"

"सगळंच." तो हसला. "डॉक्टर काय म्हणाला? किती दिवस काढतील?"

जाईबाई चुलीकडे वळली. तो निघाला तेव्हा दाराच्या चौकटीवर त्यानं बोटांनी टकटक केली. लाकूड किडलंय का ते बघावं, तशी.

पुढच्याच आठवड्यात मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीनं सांगितलं आणि लालबाग-परळची माणसं रस्त्यावर उतरली. गोळ्या सुटल्या. करफ्यू लागला. गिरण्यांचे भोंगे मुके झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधासाठी दोन तास करफ्यू उठला, तेव्हा शेजारचा राजाराम गुरुदत्तला घेऊन आला. गुरुदत्त एका वकिलाकडे कारकून होता. दर रविवारी तो गिरगावातून येऊन कामगारांचे अर्ज फुकट लिहून द्यायचा. दंगलीत तो लालबागेतच अडकला होता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, काकांच्या माघारी खोली तुमचीच. तुम्ही इथं राहता, कायदाच तसा आहे. पण काकांनी जिवंतपणी ती आपखुशीनं सोडली असा कागद निघाला, तर तुमच्या हाती काही उरत नाही."

"आपण आज उलटा कागद करू की," राजाराम म्हणाला. "सोडली नाही म्हणून."

"करू. त्यानं मागची तारीख घातली तर हा कागद आणि भाड्याच्या पावत्या त्याला खोटं पाडतील. पण तो मागची कशाला घालील? काका अजून आहेत. तो वरचेवर येऊन बघतोय. ज्या दिवशी काकांची वाचा जाईल, त्या दिवसाची तारीख घालील. ठसा तर खराच आहे."

खाली दुधाच्या रांगेत पोलीस ओरडत होता, "आटपा, आटपा!"

दत्ताराम आढ्याकडे बघत होता. एकाएकी म्हणाला, "राजाराम, तुझ्या बोटावरचा तो वण कधीचा रे?"

"साच्यात बोट गेलं तेव्हाचा. दहा वर्षं झाली."

"बुजला नाही?"

"आता चितेवरच बुजायचा, दादा."

"भाऊ," दत्ताराम गुरुदत्तला म्हणाला, "माझ्या अंगठ्यावर आजच्या तारखेचा असा वण असला, तर?"

गुरुदत्तचा टाक थांबला. "तर... पुढची तारीख घातलेल्या कागदावर तो दिसायला हवा. नाही दिसला, तर ठसा जुना."

"मग लिही तसं. दोघांच्या साक्षीनं लिही. जाई, विळी आण."

जाईबाईला कळायला क्षण लागला. कळलं तेव्हा तिनं मान हलवली. "नाही हो. अंगात रक्त कुठं राहिलंय तुमच्या?"

"खोली राहायला हवी ना तुला? आण."

राजाराम पुढं झाला. "वहिनी, द्या इकडं."

"तू साक्षीदार. तू नुसता बघ," दत्ताराम म्हणाला. "उजवा हात असता तर मीच केलं असतं. तिलाच करू दे."

तिनं विळी खाटेशी मांडली. रोज मासळी कापताना ठेवायची तसा पाटावर पाय ठेवला. ज्याच्या नावानं तिनं चुडा भरला होता, त्याचा डावा अंगठा तिनं दोन्ही मुठींत धरला आणि पात्यापाशी आणला.

"वरवर नको, गो. भरून येईल."

तिनं डोळे उघडे ठेवले आणि ओढलं. दत्ताराम ओरडला नाही. खाट मात्र करकरली. गुरुदत्त तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला, मग वळला, कारण त्यालाही साक्ष द्यायची होती. रक्त थांबेना. जाईबाईनं पदरानं दाबून धरलं, पुसलं, पुन्हा दाबलं. शाई लावली. पहिला ठसा नुसता लाल चिखल उमटला. दुसराही तसाच. तिसऱ्यात रेघ दिसली, आडवी, पांढरी.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चपला दाराबाहेर निघाल्या.

"मामी, करफ्यू उठला म्हणून धावत आलो," सीताराम बाहेरूनच म्हणाला. "मामांची वाचा कशी आहे?"

जाईबाईनं नवऱ्याचा अंगठा कागदावरून उचलला नाही.

"आत ये," ती म्हणाली. "नीट बघून घे."