दोन ट्रॅक्टर, एक दावा

२००५च्या डिसेंबरात महागावच्या कापूस खरेदी केंद्रावर उद्यापासून माप बंद होणार, अशी आवई उठली. त्या सकाळी किसनराव आणि संघदीप, दोघे एकाच गावचे, कापसाने भरलेल्या ट्रॉल्या घेऊन निघाले. आधी पोचेल त्याचा नंबर आधी, म्हणून दोघांनीही ट्रॅक्टर दामटले. किसनराव पुढे काढू पाहत होते, संघदीप जागा देत नव्हता. दोन-तीन किलोमीटर ते बरोबरीनेच धावले.

वळणावर अंगणवाडीच्या विमलताई समोरून सायकलवर आल्या. उलट्या बाजूने चाललेल्या किसनरावांच्या ट्रॉलीने त्यांना पाडलं आणि चाक पायावरून गेलं. किसनराव थांबले. संघदीपला मागे काय झालं ते कळलंच नाही. केंद्रावर रांगेत असताना कोणीतरी सांगितलं.

विमलताईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोलिसांच्या कागदावर एकट्या किसनरावांचं नाव होतं. पण भरपाईचा दावा लागला तेव्हा किसनरावांनी शर्यतीची गोष्ट काढली, आणि विमलताईंच्या वकिलाने संघदीपलाही दाव्यात घेतलं.

संघदीपच्या वकिलाने त्याला पढवून ठेवलं होतं. "तुझी गाडी लागली नाही. 'मी माझ्या बाजूने चाललो होतो,' एवढंच बोल."

साक्षीला उभा राहिल्यावर त्याला समोर विमलताई दिसल्या. कुबड्या त्यांनी बाकाला टेकवल्या होत्या. त्याच्या बहिणीची पोरगी त्यांच्याच अंगणवाडीत जाई.

"शर्यत लागली होती का?" किसनरावांच्या वकिलाने विचारलं.

"लागली होती," तो म्हणाला. "ते पुढं काढून राह्यले होते, म्हणून म्याही दाबली. जागा देली असती तं ते त्या बाजूले राह्यलेच नसते."

कोर्टाबाहेर किसनरावांनी त्याला गाठलं. "तुही गाडी लागली नोती. काहून बोलला?"

"तुम्ही एकटे असते, तं इतक्या जोरात चालवली असती का?"

"नसती," किसनराव म्हणाले.

निकाल लागला. इजेला दोघेही जबाबदार. विमलताईंनी पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करावी, आपसातलं त्यांचं त्यांनी बघावं. विमा एकाही ट्रॅक्टरचा नव्हता. संघदीपचे वडील बाबाराव यांनी भरपाईसाठी ट्रॅक्टर विकला आणि पंधरा दिवस मुलाशी बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी विमलताईंना कृत्रिम पाय बसला. त्या पुन्हा अंगणवाडीत जाऊ लागल्या. सायकल मात्र भावाला देऊन टाकली. रस्त्यात संघदीप दिसला की त्या थांबून बोलत. किसनरावांशी बोलत नसत.