बिनसुईची साखर

"भाऊ, बोट पुन्हा पुसा."

पुनाने बोट पुन्हा पुसलं. स्पिरिटने पुसलं, मग धोतराला घासलं. पण उभा जन्म शिरपूरकडच्या केळीबागांत घड कापण्यात गेलेला. बोटांवरचा काळा चीक असा जातोय थोडाच!

"चालेल," शिबिरात साखर तपासायच्या मशीनवर बसलेली पुनम म्हणाली. रांग मोठी होती आणि तिला जेवायचंही होतं. पुनाच्या बोटावर लाल उजेड पडला. त्या उजेडाने बोटातलं रक्त वाचायचं होतं; त्याने वरचा चीकच वाचला. "साखर एकदम नॉर्मल!"

"देखं का?" पुना बायकोला म्हणाला. "ना सुई, ना रगत. बठ्ठं बरोबर शे."

"एकडाव दवाखानामा रगत तपासी ल्या," बेबाबाई म्हणाली.

"मशीन काय लबाड बोलस?"

"मशीनले तुमनासंगे संसार करना शे का?"

रोज पोटात इन्सुलिन टोचून पुना वैतागला होता. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं त्याला झालं. त्याच दिवसापासून त्याने सुई बंद केली.

पुढे कापणीत कोयता पायाला निसटता लागला. जखम एवढीशी. दुखतही नव्हती, म्हणून हळद दाबून तो घड वाहत राहिला. पाय काळा पडला तेव्हा धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी नसेतून रक्त काढलं, आकडा पाहिला आणि खेकसले, "इन्सुलिन कुणाला विचारून बंद केलं?" गुडघ्याखाली पाय कापावा लागला. डोक्यावर घड वाहून पोट भरणाऱ्याचा पाय! त्या 'चालेल'चा मला आजही संताप येतो.

परतताना शिरपूर स्टँडबाहेर बेबाबाई थबकली. शिबिरवाल्यांनी फ्लेक्स लावला होता. त्यावर शिबिरातलाच फोटो होता: मशीनशेजारी ताठ उभा पुना, तोंडभर हसणारा. खाली मोठ्या अक्षरांत, 'सुई नको, चिंता नको!'

"फाडीच टाकस मी," म्हणत ती पुढे धावली.

कुबडीवर तोल सावरत पुनाने तिचा पदर धरला. फ्लेक्स त्याने वरपासून खालपर्यंत नीट पाहिला.

"ऱ्हाऊ दे वं," तो म्हणाला. "दोन्ही पायस्वर उभा मना दुसरा फोटो कोठे शे?"