रुद्राणीची जागा

आपल्या खानावळीत जेवलेली किती पोरं डॉक्टर झाली, हे माझा भाऊ सिद्धराम प्रत्येक गिऱ्हाइकाला हटकून सांगायचा. जसं काही त्याच्या वरणानंच ती पास झाली! लातुरात क्लासेसच्या गल्लीत आमची खानावळ. मी कोंडाबाई, त्याची विधवा बहीण, पोळ्या माझ्याकडे. दुसऱ्यांची पोरं बघून बघून त्यालाही वाटलं, आपली दामिनी डॉक्टर व्हावी. सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही, म्हणून खाजगीत दातांची डॉक्टर. फीसाठी कर्ज काढलं आणि बँकेला गावाकडचं शेत तारण दिलं. ते वहिनीच्या नावावर होतं.

त्या शेतात रुद्राणी आहे. दामिनीची थोरली बहीण, त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेली. पाच वर्षांची होती. तेव्हा गावात सगळ्या मयतांना एकत्रच अग्नी देत होते. सिद्धरामदादानं ऐकलं नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला पुरतात, तेही मांडी घालून बसवून. त्यानं लेकीला उचलून शेतात नेलं, स्वतः खड्डा खणला, तिला बसवलं, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. वर बेलाचं रोप लावलं. दगड नाही, नाव नाही.

तारणाची सही करताना वहिनी, शिवकांता, अडली होती. "तिथं रुद्राणी हाय की."

"बँक कागद ठिवून घेती, माती न्हाई," दादा म्हणाला. मलाही ते पटलं. सगळेच शहाणे आम्ही!

मग कोरोना आला. क्लास बंद, पोरं आपापल्या गावाला, खानावळीला कुलूप. दामिनी दुसऱ्याच्या दवाखान्यात दात उपटायची. पगार व्याजालाही पुरेना. बँकेची लिलावाची नोटीस आली. मातीमोल जाण्यापेक्षा आपणच विकू, म्हणून दादानं गिऱ्हाईक आणलं. शेत रस्त्याला लागून, त्याला पेट्रोलपंप टाकायचा होता. माणूस वाईट नव्हता, पण रुद्राणीचं कळल्यावर स्पष्ट बोलला, "टाकी बेलाखालीच बसंल, मामा. लेकराला आधी हलवून घ्या."

रात्री जेवताना हे ऐकून वहिनीनं पुढ्यातलं ताट सरकवलं. "ती बसून हाय तिथं. तिला कुठं नेऊ उठवून?"

दामिनी रडायलाच लागली. "आई, नका विकू. कर्ज माझं हाय, मी फेडते."

"कशानं फेडतीस?" दादानं विचारलं.

मला दादाचा असा संताप आला! तिनं कुठं मागितलं होतं डॉक्टर व्हायला? पण तो भिंतीला टेकून बसला होता, नुसता. त्याला काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "जी गेली तिच्यापायी जितीला बुडवू का? चला."

सोमवारी आम्ही शेतावर गेलो. जंगमस्वामींनी विभूती लावली, मंत्र म्हटले. दादानं कुदळ उचलली, पण हात वर जाईना. मी गड्याला हाक मारणार, तोच वहिनीनं मला थांबवलं. ती बेलाच्या बुडाशी बसली, मातीवरून हात फिरवला आणि शाळेच्या वेळेला लेकराला उठवतात तशा आवाजात म्हणाली,

"रुद्राणी, ऊठ माय. धाकटीची फी भरायची हाय."